डॉट कॉम नाही? मग साइट खरी आहे ना?

मागच्या अंकात वेबसाइटचं नाव कसं निवडावं यावर लिहिलं होतं आणि त्यात जाता जाता एक वाक्य होतं की डॉट कॉम मिळत नसेल तर दुसरं एक्स्टेंशन, म्हणजे पत्त्याच्या शेवटी टिंबानंतर येणारा तुकडा, बघा. बाकीचा लेख कोणी वाचला की नाही देव जाणे, पण या एका वाक्यावरून इतकी पत्रं आलीयत की यावेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकतोय. आधी पत्र, खाली माझं उत्तर. काही पत्रं थोडी कापलीयत, राग मानू नका.

मी अनुवादाची कामं करते. माझ्या नावाचं डॉट कॉम कोणीतरी आधीच अडवून ठेवलंय, उघडलं तर नुसतं ‘विकणे आहे’ असं पान येतं. म्हणून मी डॉट स्टुडिओ घेतलं. आता फोनवर पत्ता सांगितला की समोरचा हमखास शेवटी डॉट कॉम लावतो, आणि एकाने तर विचारलं, ही साइट खरी आहे ना? बदलून टाकू का?

बदलू नका, पण तुमच्या अडचणीला कमीही लेखणार नाही मी. तो फोन कसा होत असेल ते डोळ्यासमोर येतंय: ‘डॉट स्टुडिओ.’ ‘बरं, स्टुडिओ डॉट कॉम.’ ‘नाही नाही, कॉम नाही, नुसतं डॉट स्टुडिओ.’ ‘अच्छा, मग पुढे काय?’ पुढे काहीच नाही हे लोकांच्या पचनी पडत नाही, कारण त्यांच्या लेखी डॉट कॉम हा अनेकातला एक पर्याय नाहीये, पत्ता तिथे संपतो एवढंच त्यांना माहितीये.

आणि ही सवय काही आजची नाही. १९८५ साली कॉम, नेट, ऑर्ग, एज्यु, गव्ह, मिल अशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी एक्स्टेंशन्स होती, त्याच वर्षी १५ मार्चला पहिलं डॉट कॉम नाव नोंदलं गेलं. २००१ मध्ये डॉट इन्फो, डॉट बिझ वगैरे आली, ती लोकांनी फारशी मनावर घेतली नाहीत. खरा पूर आला तो २०१२ नंतर. या सगळ्याचा कारभार बघणाऱ्या आयकॅन संस्थेने नवीन एक्स्टेंशनसाठी अर्ज मागवले, एका अर्जाची फी १,८५,००० डॉलर, तरी १९३० अर्ज आले आणि पुढच्या काही वर्षांत बाराशेच्या वर नवीन एक्स्टेंशन्स सुरू झाली. म्हणजे पर्याय ढीगभर, पण जगातल्या ३६ कोटींहून जास्त नावांपैकी १५ कोटींहून जास्त अजूनही एकट्या डॉट कॉमवर आहेत. लोकांचा हात तिकडे वळतो तो उगाच नाही.

मोठमोठ्या कंपन्यांचंही हेच झालंय. ओव्हरस्टॉक नावाच्या अमेरिकन कंपनीने ३,५०,००० डॉलर मोजून ओ डॉट सीओ असं इवलंसं नाव घेतलं, २०११ मध्ये त्याची धडाक्यात जाहिरात केली, आणि लोकांनी काय केलं तर ओ डॉट कॉम टाइप केलं, जे नाव कोणाला दिलेलंच नव्हतं! त्याच वर्षी कंपनी मुकाट्याने जुन्या नावावर आली. एवढे पैसे ओतूनही सवय मोडली नाही, तर तुम्ही-आम्ही फोनवर काय मोडणार.

तुमच्यासाठी प्रश्न एवढाच आहे की गिऱ्हाईक तुमच्यापर्यंत येतं कसं. लिंकवर क्लिक करून येत असेल तर एक्स्टेंशनकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. तोंडी पत्ता सांगून येत असेल तर त्रास आहे, मग सांगतानाच आधी ‘शेवटी कॉम नाहीये हं’ म्हणा आणि लगेच मेसेजवर लिंक पाठवून द्या. कार्डावर पत्त्याच्या आधी तीन डब्ल्यू छापा, म्हणजे हे वेबसाइटचं नाव आहे हे तरी कळतं, नाहीतर लोकांना ते नुसतं घोषवाक्य वाटतं.

साइटपेक्षा मला काळजी वाटते ती ईमेलची. साइटचा पत्ता चुकला तर माणूस परत शोधतो, पण मेल चुकीच्या नावावर गेला तर ते नाव ज्याचं आहे तो तो वाचू शकतो, आणि पाठवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. अमेरिकन लष्कराचं एक्स्टेंशन डॉट एमआयएल, आणि माली देशाचं डॉट एमएल. मधला आय राहिला म्हणून वर्षानुवर्षं लष्कराचे मेल मालीच्या पत्त्यावर जात होते, २०२३ मध्ये हे बातम्यांमध्ये आलं. तुमच्या नावाचं डॉट कॉम ज्याने अडवलंय त्याने उद्या तिथे मेलबॉक्स चालू केला तर? म्हणून करारमदार, कागदपत्रं मागवताना पत्ता तोंडी सांगायचाच नाही, आपणच आधी मेल करायचा आणि त्याला रिप्लाय द्या म्हणायचं.

पहिल्या वर्षी जवळजवळ फुकट मिळत होतं म्हणून डॉट टॉप घेतलं. साइट छान चालतीय पण माझे मेल लोकांच्या स्पॅममध्ये जातात. माझं काय चुकतंय?

तुमचं बहुतेक काहीच चुकत नाहीये, शेजार वाईट आहे. एखादं एक्स्टेंशन पहिल्या वर्षी कवडीमोल भावात मिळालं की सगळ्यात आधी तिथे धावतात ते फसवणूक करणारे, कारण त्यांना नाव चार दिवस चाललं तरी पुरतं, हजार नावं घ्यायची, उधळायची, पुढचं बघायचं. मग मेल सर्व्हर चालवणारे वैतागतात आणि अख्ख्या एक्स्टेंशनकडेच संशयाने बघायला लागतात, काही ऑफिसांमध्ये तर सरसकट ब्लॉक करून टाकतात. डॉट एक्सवायझेडचं बघा, २०१५ मध्ये गूगलच्या मूळ कंपनीने, म्हणजे अल्फाबेटने, स्वतःची साइट एबीसी डॉट एक्सवायझेडवर टाकली, याहून मोठं प्रमाणपत्र कुठलं, पण तरी तिथून आलेला अनोळखी मेल बघून फिल्टरच्या कपाळावर आठ्या पडतातच.

फुकटचं शेवटचं टोक म्हणजे डॉट टीके. टोकेलाऊ या प्रशांत महासागरातल्या चिमुकल्या बेटांचं हे एक्स्टेंशन, फ्रीनॉम नावाची कंपनी ते आणि मालीचं, गॅबनचं अशी आणखी काही खिरापतीसारखी वाटायची. फिशिंगवाल्यांची, म्हणजे खोट्या साइट दाखवून पासवर्ड लुटणाऱ्यांची, चंगळ झाली, मग फेसबुकवाल्या मेटाने कंपनीला कोर्टात खेचलं, २०२३ मध्ये नवीन नावं देणं बंद पडलं आणि पुढच्या वर्षी कंपनीने हा धंदाच सोडला. मधल्या काळात गॅबनने आपलं डॉट जीए परत घेतलं तेव्हा फुकटातली लाखो नावं एका फटक्यात गेली, त्यात सरळमार्गी लोकांचीही असणारच.

तुम्ही एवढं करा: डोमेनच्या, म्हणजे तुमच्या साइटच्या नावाच्या, सेटिंगमध्ये एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तीन नोंदी नीट आहेत का बघा, मेल खरंच तुमच्याकडून आलाय हे त्यांवरून कळतं, हे नसेल तर डॉट कॉमचा मेल पण स्पॅममध्ये जातो. ते करूनही फरक नाही पडला तर साइट राहू द्या तिथेच, मेलसाठी दुसरं जरा प्रतिष्ठित एक्स्टेंशन घ्या. आणि दुसऱ्या वर्षीचा रिन्यूअलचा आकडा आत्ताच बघून ठेवा. पहिल्या वर्षीच्या किमतीचा आणि त्याचा काही संबंध नसतो.

माझे वडील म्हणतात फक्त डॉट कॉम आणि डॉट ऑर्ग खऱ्या साइट, बाकी सगळं फ्रॉड. मी म्हणतो असं काही नसतं. कोण बरोबर?

वडिलांची सावधगिरी मला आवडली, पण ती चुकीच्या जागी लावलीय. डॉट कॉम कोणालाही मिळतं, तुम्हाला, मला, चोराला. १९९० च्या दशकात व्हाइटहाउस डॉट कॉम ही साइट प्रौढांसाठीची होती आणि खरं व्हाइट हाउस डॉट गव्हवर, शाळेतल्या किती पोरांची पंचाईत झाली असेल! डॉट ऑर्गचं तर आणखीन गंमतीदार आहे. लोकांना वाटतं ही सेवाभावी संस्थांची जागा, प्रत्यक्षात तिथे कसलीच अट नाही, कंपनी पण घेऊ शकते. तरी ती भावना इतकी घट्ट आहे की २०१९ मध्ये डॉट ऑर्ग चालवणारी संस्था १ अब्ज १३ कोटी डॉलरला एका खाजगी गुंतवणूक कंपनीला विकायचं ठरलं तेव्हा जगभरच्या संस्थांनी रान उठवलं आणि २०२० च्या एप्रिलमध्ये आयकॅनने ती विक्री अडवली. म्हणजे नियम नाही, पण समज आहे, आणि त्या समजेपुढे एवढा मोठा सौदा फिसकटला.

ज्यांच्या दारात खरंच कागदपत्रं तपासतात अशी एक्स्टेंशन्स थोडी आहेत. डॉट गव्ह अमेरिकेतल्या सरकारी यंत्रणांनाच, डॉट एज्यु २००१ पासून तिथल्या मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांनाच, डॉट बँक फक्त तपासलेल्या बँकांना. तिथे एक्स्टेंशन बघून विश्वास ठेवण्यात थोडाफार अर्थ आहे. बाकी ठिकाणी नाही. आणि ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी ते कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणजे साइट चांगली असंही नाही, कुलूप एवढंच सांगतं की मधल्या मध्ये कोणी वाचत नाहीये, पलीकडे कोण बसलंय ते नाही सांगत. डॉट ॲप आणि डॉट डेव्ह या एक्स्टेंशनवर तर ब्राउझर कुलपाशिवाय साइट उघडतच नाहीत, तरी तिथेही भामटे असू शकतात.

वडिलांना एकच गोष्ट शिकवा, पत्ता उजवीकडून वाचायचा. समजा मेसेजमध्ये आलं ‘माझीबँक डॉट कॉम डॉट खातेतपासणी डॉट टॉप’ आणि मग तिरकी रेघ. डोळा पहिल्यांदा ‘माझीबँक डॉट कॉम’वर पडतो आणि जीव भांड्यात पडतो, इथेच फसायला होतं. पहिल्या तिरक्या रेघेपाशी थांबा, तिथून मागे या: डॉट टॉप, त्याच्या आधी खातेतपासणी. संपलं, ही साइट ‘खातेतपासणी डॉट टॉप’ची आहे, त्याच्या डावीकडे मालकाला हवं ते लिहिता येतं, बँकेचं नाव लिहिलं काय नि राजाचं लिहिलं काय. (डॉट सीओ डॉट यूके असं दोन तुकड्यांचं एक्स्टेंशन असेल तर आणखी एक घर डावीकडे जा.) हे एकदा जमलं की कॉम आहे का टॉप आहे याने फारसा फरक पडत नाही.

एका नव्या एक्स्टेंशनबद्दल मात्र मी स्वतः नाक मुरडतो, डॉट झिप. २०२३ च्या मे महिन्यात गूगलने ते सगळ्यांना खुलं केलं. फाइलच्या नावासारखं दिसणारं वेबसाइटचं नाव, वरून मेसेजिंग ॲप असं नाव दिसलं की आपोआप लिंक करतात, म्हणजे सहकाऱ्याने ‘फोटो डॉट झिप पाठवलीय’ लिहिलं आणि तुम्ही क्लिक केलं की कुठल्या तिसऱ्याच्याच साइटवर. आता कोणी म्हणेल की जुन्या डॉस कॉम्प्युटरवर डॉट कॉम हे पण प्रोग्रॅम फाइलचं एक्स्टेंशन होतं, त्यावर कोणी ओरडलं नाही. खरंय, पण तेव्हा फाइलच्या नावावर क्लिक करून इंटरनेटवर कोणी पोचत नव्हतं.

डॉट कॉम असेल तर गूगलमध्ये वर येतं का?

नाही. गूगलने २०१५ मध्येच स्पष्ट सांगितलंय की नवीन एक्स्टेंशन्सना ते बाकीच्यांसारखंच वागवतात, वरही नाही खालीही नाही. फक्त देशांची एक्स्टेंशन्स त्या त्या देशाशी जोडली जातात, त्यातूनही आयओ, एआय, टीव्ही, सीओ, एमई अशी काही जगभर वापरली जाणारी वगळलेली आहेत. आता लोक ओळखीचं एक्स्टेंशन बघून जास्त क्लिक करतात का, तर करत असतील, पण ती माणसांची गोष्ट झाली.

आमची छोटी टेक कंपनी आहे. सगळे म्हणतात डॉट एआय किंवा डॉट आयओ घ्या, भारी दिसतं. घेऊ का?

भारी दिसतं हे खरंय, तुमच्या क्षेत्रातले लोक डॉट आयओ बघून नाक मुरडणार नाहीत, उलट मान डोलावतील. पण ही दोन अक्षरी एक्स्टेंशन्स देशांची किंवा प्रदेशांची असतात हे विसरायला होतं. एआय म्हणजे अँग्विला, कॅरिबियनमधलं पंधरा-सोळा हजार वस्तीचं बेट. २०२३ मध्ये तिथल्या सरकारच्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सा या नावांच्या विक्रीतून आला, नशीब काढलं म्हणतात ते हेच. त्याआधी तुवालू या छोट्या बेटांच्या देशाने आपलं डॉट टीव्ही भाड्याने देऊन पैसा केला आणि २००० साली संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व घेताना तो कामी आला.

पण घर ज्याचं, नियमही त्याचेच. लिबियाचं डॉट एलवाय लिंक छोट्या करणाऱ्यांचं लाडकं, २०१० मध्ये व्हीबी डॉट एलवाय ही साइट तिथल्या कायद्याला धरून नाही म्हणून बंद केली. २०२४ मध्ये अफगाणिस्तानच्या डॉट एएफवरचं एक समलिंगी लोकांचं सोशल मीडिया सर्व्हर तालिबान सरकारच्या मंत्रालयाने बंद पाडलं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तिथल्या लोकांची हजारो डॉट ईयू नावं २०२१ च्या सुरुवातीला थांबवली गेली, त्यांनी कुठलाही नियम मोडला नव्हता तरी.

डॉट आयओ हा ब्रिटिश इंडियन ओशन टेरिटरीचा कोड आहे. हा प्रदेश म्हणजे हिंदी महासागरातला चागोस द्वीपसमूह, आणि तो मॉरिशसला द्यायच्या करारावर २०२५ च्या मे मध्ये ब्रिटनने सही केलीय. प्रदेशच राहिला नाही तर देशांच्या कोडच्या आंतरराष्ट्रीय यादीतून त्याचा कोड जाऊ शकतो, कोड गेला तर एक्स्टेंशनवर प्रश्न येतो. युगोस्लाव्हियाचं डॉट वायू असंच २०१० मध्ये बंद झालं. पण सोव्हिएत युनियन १९९१ मध्ये संपला आणि डॉट एसयू त्यानंतरही कित्येक वर्षं चालू राहिलं, आणि आयओमध्ये इतक्या कंपन्यांचे पैसे अडकलेत की ते रातोरात बंद करतील असं मला वाटत नाही, मुदत तरी भरपूर देतील. म्हणून माझं मत विचाराल तर डॉट एआय, डॉट आयओ साइटसाठी खुशाल घ्या, पण गिऱ्हाइकांची लॉगिन्स, बिलं, मेल ज्याच्यावर चालतात ते नाव कुठल्या सरकारच्या मर्जीवर नसलेलं घ्या. आणि हे गुंतवणूकदाराला दाखवायला घेताय की वापरणाऱ्याला, ते आपसात एकदा बोलून घ्या.

एक कंपनी ब्लॉकचेनवरचं नाव देतीय, एकदा पैसे भरायचे, रिन्यूअल कधीच नाही, आयुष्यभर आपलं. मग लोक बाकीची नावं घेतातच कशाला?

कारण ब्लॉकचेनवरची, म्हणजे क्रिप्टो चलनं ज्यावर चालतात त्या सामायिक नोंदवहीत लिहिलेली, ती नावं बहुतेकांच्या ब्राउझरमध्ये उघडतच नाहीत. इंटरनेटची जी सर्वात वरची यादी आहे, जिला रूट म्हणतात, त्यात ही एक्स्टेंशन्स नाहीत, त्यामुळे ब्राउझरमध्ये वेगळा प्लग-इन टाकून किंवा खास ब्राउझर घेऊनच साइट दिसते, नाहीतर सर्च रिझल्ट येतो नाहीतर एरर. क्रिप्टो वॉलेटचा लांबलचक पत्ता लक्षात ठेवायला ती ठीक आहेत, दुकानाच्या पाटीवर लावायला नाही. शिवाय उद्या आयकॅनने तेच एक्स्टेंशन दुसऱ्याला खरोखर दिलं तर एका नावाचे दोन मालक होणार. २०२६ मध्ये अर्जांची पुढची फेरी ठरलेली आहे, त्यामुळे ही शंका हवेतली नाही.

माझा ईमेल डॉट फोटोग्राफी असा संपतो. कित्येक फॉर्म तो घेतच नाहीत, ‘योग्य ईमेल लिहा’ म्हणतात. तक्रार कुठे करू?

त्या साइटकडेच. कोणीतरी फार पूर्वी फॉर्ममध्ये नियम लिहून ठेवलेला असतो की शेवटच्या टिंबानंतर दोन ते चार अक्षरं, आणि तोच तुकडा पंचवीस वर्षं कॉपी-पेस्ट होत फिरतोय. २००१ मध्ये डॉट म्युझियम आलं तेव्हापासून हा नियम चुकीचा आहे! देवनागरी, अरबी लिपीतल्या पत्त्यांचे हाल तर विचारू नका, २०१० पासून देशांची एक्स्टेंशन्स आपापल्या लिपीत मिळायला लागली, पण ईमेलच्या रकान्यात ती टाकून बघा. युनिव्हर्सल ॲक्सेप्टन्स नावाने यासाठी जागतिक पातळीवर प्रयत्न चालू आहेत, हळूहळू. तोवर एक साधा आखूड एक्स्टेंशनचा ईमेल हाताशी ठेवा, आपलं काम अडायला नको.

नाव वाचवायचं म्हणून सगळी एक्स्टेंशन्स विकत घ्यावीत का?

बाराशे? कुठवर घेणार? तुमचं मुख्य नाव, परवडलं तर डॉट कॉम, आपल्या देशाचं, आणि लोक नेहमी जी स्पेलिंगची चूक करतात ती एक, बस. तुमचा ट्रेडमार्क असेल आणि कोणी वाईट हेतूने तेच नाव घेतलं तर यूडीआरपी नावाची तक्रारीची पद्धत १९९९ पासून आहे, कोर्टापेक्षा लवकर निकाल लागतो. त्यापेक्षा आहे ते नाव हातचं जाणार नाही हे बघा, ऑटो रिन्यूअल चालू ठेवा, कार्डाची मुदत संपली नाही ना ते तपासा, आणि रजिस्ट्रारकडे, म्हणजे ज्या कंपनीकडून नाव घेतलंय तिच्याकडे, दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा देऊ नका, डोमेन बंद पडलं की ‘पैसे भरा’ म्हणणारा मेलही तुमच्यापर्यंत पोचत नाही.